शेपूट कुणाचं?

प्रिय चिचुंद्रे,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझ्या आजीला या वयात असं मोत्यासारखं अक्षर फुटलेलं नाही. बोलतेय मी, लिहितेय मास्तरीण. तीच, आपल्या खालच्या मजल्यावरची, जिच्या दारावरून जाताना तू लहानपणी मुद्दाम जिना दणदणवायचीस. ती कुठल्या शाळेत मास्तरीण नव्हती, हे तुला ठाऊक नसेल. संशोधन संस्थेच्या उंदीरघरात, प्रयोगांचे उंदीर पाळतात तिथे, ती माझ्याबरोबर कामाला होती. आम्हा पाच बायकांत लिहिता-वाचता येणारी ती एकटी, म्हणून नाव पडलं ते चिकटलंच. पुढे तिची तिथली नोकरी गेली आणि मग कचेरीबाहेर स्टुलावर बसून लोकांचे अर्ज भरून देण्यात तिचं आयुष्य गेलं. त्यातून तिला एक खोड लागलीय. वाक्य लिहून झालं की ती ते तीनदा वाचते. मोठ्यानं. 'दचकू नकोस' माझं आत्ता तीनदा ऐकून झालं, आता मीच दचकायला लागलेय. सुरुवातीला ती 'सविनय' घालायला निघाली होती. मी म्हटलं, बाई, नातीला लिहितेय, पाणीपुरवठा खात्याला नाही.

फोन का केला नाही, असं विचारशील. तुझा फोन म्हणजे, आजी, यंत्र लावलंय, मग करते. ते मग काही येत नाही. शिवाय मी जरा गंभीर बोलायला लागले की तू लगेच विचारतेस, आजी, गोळी घेतलीस का? कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. तुझा बाप शनिवारी तुझ्याकडे निघालाय, त्याच्या पिशवीत हे पाकीट घालतेय. डिंकानं चिकटवून देतेय, कारण माझा मुलगा असला तरी चौकस आहे. तुझ्या उंदीरघरातल्या त्या बाईला कामावरून काढायच्या कागदावर तू सोमवारी सही करणार आहेस ना, त्याच्या आधी हे सगळं वाच. मधली पानं गाळून शेवटावर उडी मारायची तुझी सवय मला माहीत आहे. ती इथे चालणार नाही.

घरचं म्हणशील तर बरं आहे. माझा उजवा गुडघा डाव्याशी बोलत नाही, बाकी सगळ्यांचं आपसांत ठीक चाललंय. तुझ्या आईनं स्वयंपाकघराला नवा रंग लावून घेतलाय. रंगाचं नाव तिला पाठ आहे, मला तो जुन्या सायीसारखा दिसतो, पण तसं म्हटलं तर दोन दिवस चहा पाणचट मिळतो. बाप तुझा वजन कमी करायला सकाळी फिरायला जातो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बसून परत येतो.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी तू मला तुझी प्रयोगशाळा दाखवलीस ते आठवतंय? कोट, टोपी, तोंडाला फडकं, पायात पिशव्या. नवरीलासुद्धा कुणी इतकं झाकत नसेल. आत गेल्यावर मात्र वास तोच. कोमट धान्याचा आणि ओल्या भुशाचा. आमचे लोखंडी पिंजरे जाऊन तुमच्याकडे कपाटाच्या खणांसारखे पारदर्शक डबे आलेत, पण उंदीर मुतायचा काही थांबलेला नाही. मी पुढे होऊन एका डब्यातल्या नराला शेपटाच्या मुळाशी धरून उचललं तर तू घाबरून माझा हात धरलास. अगं, एकोणतीस वर्षं मी तेच केलं. तुझे आजोबा लोकांना सांगायचे, आमची ही उंदरांची सासू आहे. रोज घर झाडते, खायला घालते आणि कुणाला कुणाच्या खोलीत सोडायचं ते ठरवते.

त्या दिवशी कँटीनमध्ये बसून तू मला तुझं काम समजावलंस. ते मला किती समजलंय ते बघ. नर उंदराच्या वृषणात बीज तयार होतं. (मी वेगळा शब्द सांगितला होता. मास्तरिणीनं कान लाल करून हा लिहिलाय.) तयार झालं म्हणजे ते शहाणं झालं असं मात्र नाही. त्याला पोहता येत नाही. मग ते वृषणाला बिलगलेल्या एका वेटोळ्या नळीत शिरतं. एवढीशी गाठ दिसते, पण उलगडली तर उंदराच्या दहापट लांब. आठ-दहा दिवस ते त्यातून सरकत राहतं आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याला पोहायचं कसब येतं. म्हणजे जन्म देणारा एक आणि वळण लावणारा दुसरा. यात नवं काय, असं मी विचारलं होतं. घराघरात तेच असतं. तेव्हा तू म्हणालीस, आजी, गंमत पुढे आहे. त्या नळीचे तीन भाग. डोकं, धड आणि शेपूट. शरीरातल्या प्रत्येक पेशीकडे तेच एक आख्खं पुस्तक असतं, पण जी ती पेशी आपापलं पान तेवढं उघडते. नळीच्या डोक्यात जे पान उघडं असतं ते शेपटात मिटलेलं, शेपटातलं डोक्याला ठाऊक नाही आणि वृषणातली पानं तर आणखीनच वेगळी. कुठल्या जागी कुठलं पान उघडं आहे, हे शोधायचं तुझं काम. एखादं पान उघडलंच नाही तर बीज पलीकडे पोचूनही अडाणी राहतं, पोर होत नाही, आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही. आमच्या वेळी अशा घरात खापर सरळ बाईच्या डोक्यावर फुटायचं. नळीपर्यंत कोण जातंय.

मी तेव्हा म्हटलं, मग मी तशीच की. पुस्तक घरात आहे, पान उघडलेलं नाही. तू हसलीस. मास्तरीण आत्ता हसली नाही, कारण तिनं मला आजवर तीनदा पाटी-पेन्सिल घेऊन बसवलंय आणि तिन्ही वेळा मी उठून पळालेय. तिला वाटतं मी आळशी. तिला आणखीही बरंच काही वाटतं.

त्याच दिवशी मी तुझ्या उंदीरघरातली ती बाई पाहिली. तू तिचं नाव सांगितलं होतंस, पण माझ्यासाठी ती हसरी. चाळिशीची असेल, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्यांचे ट्रे, आणि कुणी काही विचारलं की आधी हसायची. दारावर काहीतरी नवी सूचना लावली होती. मी मुद्दाम तिला म्हटलं, बाई, काय लिहिलंय गं? ती म्हणाली, चष्मा घरी राहिला आजी. चिचुंद्रे, हे वाक्य मी एकोणतीस वर्षं वापरलं आणि माझ्याकडे चष्मा कधी नव्हताच. मग मी तिच्या उंदरांच्या डब्यांकडे नीट पाहिलं. काही डब्यांच्या कोपऱ्यावर नखांना लावायच्या रंगाचे ठिपके होते. काहींना एक, काहींना दोन. तुम्हा शिकलेल्या लोकांना तो सांडलेला रंग वाटला असेल. मला तिची आख्खी वही दिसली. तुला बोलले नाही. दुसऱ्याची झाकली मूठ आपण का उघडावी?

आणि आता गेल्या आठवड्यातला तुझा फोन. तू चिडली होतीस. म्हणालीस, आजी, नळीच्या शेपटात केसांचं जनुक, म्हणजे केसांचं पान, उजळलंय, कातडीचंही उजळलंय. नळीच्या आत कधी केस उगवतात का? सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं. ती बाई कापलेल्या तुकड्यांचे डबे शीतकपाटात ठेवते, तिनंच काहीतरी घोळ केलाय, साहेबांनी तिला काढायचं ठरवलंय, सोमवारी मला सही करायचीय. मी तुला एवढंच विचारलं, "शेपूट कुणाचं?" तू म्हणालीस, म्हणजे काय, नळीचं! आणि यंत्र लावलंय म्हणून फोन ठेवलास. मी तशीच रिसीव्हर धरून बसले. तुझी आई म्हणाली, सासूबाई, कुणी गेलं का?

शेपूट कुणाचं, हे मी उगाच विचारलं नव्हतं. ऐक.

आमचं उंदीरघर संस्थेच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या खोलीला लागून होतं. तिथे लागायचं तर चौथी पास हवं अशी अट होती. तुझ्या आजोबांचा कारखाना बंद पडला होता, तुझा बाप शाळेत होता. मी म्हटलं, हो, चौथी पास. दाखला मागितला तर म्हटलं, घर बदलताना हरवला. सही येत होती. तुझ्या आजोबांनी ती आठ दिवस घोटून घेतली होती. चित्र काढावं तशी मी ती काढते, आणि शेवटचा फाटा कधीकधी विसरते.

मास्तरिणीला पहिल्याच आठवड्यात कळलं. तिनं कुणाला सांगितलं नाही, मलाही काही बोलली नाही. एका सकाळी येऊन बघते तर पिंजऱ्यांच्या कार्डांना रंगीत दोरे बांधलेले. लाल दोरा नराला, पांढरा मादीला, निळा पिल्लं झालेलीला. मला म्हणाली, असंच, शोभेला. साहेब लोकांना वाटलं केवढी शिस्त आहे. पुढे शेजारच्या विभागानंही ती पद्धत उचलली. माझ्या अडाणीपणाची दोन विभागांत नक्कल झाली.

तुझ्यासारखंच काम करणारे एक साहेब होते. आम्ही त्यांना टिपकागद म्हणायचो, कारण काहीही सांडलं की ते आधी आपल्या कोटाला पुसायचे. माणूस वाईट नव्हता. तेही नर उंदीर कापायचे, वृषण वेगळं, नळीचं डोकं वेगळं, धड वेगळं, शेपूट वेगळं, आणि प्रत्येक तुकडा इवल्याशा नळकांडीत घालून थिजवायचे. नळकांडीवर फक्त उंदराचा आकडा. तुकडा कुठला, ते डब्यावरच्या चिठ्ठीत. चिठ्ठ्या लिहायची मास्तरीण. आणि त्याच शीतकपाटात दुसराही एक डबा असायचा. पिल्लू कुठल्या वाणाचं ते ओळखायला त्याच्या शेपटाचं टोक कापून ठेवतात, तुम्ही अजूनही ठेवता, मी बघितलंय. म्हणजे दोन डबे, दोन्ही पांढरे, एकाच मापाचे, आणि दोन्हींत शेपटं. मास्तरिणीनं विचार करून लिहिलं होतं. एकावर 'शेपूट, नळीचं'. दुसऱ्यावर 'शेपूट, उंदराचं'. याहून स्वच्छ कुणी काय लिहिणार?

त्या दिवशी मास्तरिणीच्या लेकीला ताप होता. तिनं सकाळीच चिठ्ठ्या लिहिल्या, चिकटवल्या आणि साहेबांना सांगून दुपारी घरी गेली. एरवी डब्यांनाही ती माझ्यासाठी दोरे बांधायची, ते तेवढे राहिले. मागाहून मला निरोप आला की लहान शीतकपाट बंद करून धुवायचंय, सगळे डबे मोठ्यात हलवा. मी हलवले. या दोन डब्यांवर बोटभर बर्फ चढला होता. तो मी पदरानं पुसला आणि दोन्ही चिठ्ठ्या निघून माझ्या तळहातावर आल्या.

खोलीत कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावर जाऊन कुणालाही म्हणता आलं असतं, हे जरा वाचा. पण वाचा म्हणायचं म्हणजे मला येत नाही म्हणायचं. मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. पहिला शब्द दोन्हींवर सारखा आहे, एवढं मलाही कळलं. दुसऱ्यात फरक होता, पण कुठला फरक कुठल्या डब्याचा, ते मला कोण सांगणार? नळकांडी उघडून बघायची सोय नव्हती, आत सगळं बर्फात थिजलेलं. हात बधिर व्हायला लागले. मग मी एक चिठ्ठी एका डब्यावर लावली, दुसरी दुसऱ्यावर. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच खात्री.

मास्तरीण थांबलीय. पेन कागदावर टेकलेलं आहे आणि शाई पसरतेय. इथे डाग दिसला तर तो माझा समज, तिचा नाही. तिचा डाग कधी पडत नाही. लिही गं. अजून आहे.

चार महिन्यांनी टिपकागद साहेबांच्या काळ्या पट्ट्यांच्या कागदावर (तुमच्या यंत्राचं काम तेव्हा तो कागद करायचा) नळीच्या शेपटात केसांच्या खुणा निघाल्या. तोवर त्याच तुकड्यांवरचा त्यांचा अहवाल बाहेर गेला होता. तो मागे घ्यावा लागला, मोठ्या साहेबांसमोर मान खाली घालावी लागली. ते उंदीरघरात आले, दोन्ही डबे मास्तरिणीपुढे ठेवले आणि विचारलं, "हे अक्षर तुमचंच ना?" ती म्हणाली, "हो साहेब. अक्षर माझंच." पुढे तिनं स्वतःहूनच सांगितलं, त्या दिवशी लेकीला ताप होता, घाई होती, माझ्या हातून चिठ्ठ्या उलट लागल्या असतील. असतील, म्हणाली. तिला तसं आठवत नव्हतं, पण दुसरं कारण तिला सुचलं नाही. मी दारात उभी होते. हातात धुतलेल्या बाटल्यांची टोपली होती आणि पाणी माझ्या पायावर गळत होतं. डबे कुणी हलवले, हे साहेबांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. महिनाअखेरीला ती गेली. निघताना माझ्या हातात दोऱ्यांची रिळं दिली. लाल, पांढरं, निळं. म्हणाली, आता तुझं तुला बांधावं लागेल.

आता तुझ्या कामाचं सांगते, ते नीट ऐक, कारण हे कळायलाही मला कितीतरी वर्षं लागली. चिठ्ठ्या उलट लागल्या होत्या, म्हणजे नळीचं शेपूट कुठेही गेलं नव्हतं. ते शेजारच्याच डब्यात होतं, उंदराचं शेपूट म्हणून. मी त्या दारात तोंड उघडलं असतं तर साहेबांना नुसत्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची होती. दोन वर्षांचं काम वाचलं असतं. पण त्यांनी रागानं दोन्ही डबे फेकायला लावले. फेकायला मलाच दिले. आणि मी फेकले.

तेव्हा तू सही करायच्या आधी एक कर. तुझ्या उंदरांच्या शेपटांचा डबा काढ आणि त्यातली एक नळकांडी त्या यंत्रात घाल. तिथे केसांऐवजी नळीचं पान उघडं निघालं, तर तुझे सहा महिने त्या डब्यात सुखरूप बसलेत. नाही निघालं तर म्हातारीनं एक नळकांडी फुकट घालवली म्हण. मग हसरीला बोलाव. सगळ्यांदेखत नको, आणि वाचता येतं का असं तर मुळीच विचारू नकोस. तिला फक्त म्हण, डबे तू कसे ओळखतेस ते मला दाखव. ती ठिपके दाखवेल. शीतकपाटातल्या त्या दोन डब्यांवर ठिपके आहेत का बघ. नसतील, तर चूक ज्यांनी तिला दोन पांढऱ्या डब्यांवर एकच शब्द दिला त्यांचीही आहे, आणि त्यात तू येतेस. इतकं शिकून तुम्हाला शेपटाला दुसरं नाव सुचू नये? आम्ही बायकांनी अर्ध्या दुपारीत दिलं असतं, थोडं चावट असतं एवढंच. आणि तिनं कबूल केलं की वाचता येत नाही, तर ते तुझ्यापाशी ठेव. तिला हवं असेल तर शिकव, नको असेल तर रंगाच्या चार बाटल्या आणून दे. चूक लपवली तर काढा म्हणावं, पण आधी तिला सांगायला जागा तर द्या. मला ती जागा असती तर मी सांगितलं असतं, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही.

मास्तरिणीनं तिन्ही वेळा शिकवायला घेतलं तेव्हा मी का पळाले, तेही सांगून टाकते. पहिल्या दोन वेळा खरंच कंटाळा आला. तिसऱ्या वेळी ती 'श' काढून दाखवत होती. म्हणाली, हा बघ, शेपटीचा श. मी उठून चुलीवर दूध आहे म्हटलं आणि वर आले. शिकले असते तर मला पहिले तेच दोन शब्द वाचता आले असते.

एवढं सगळं तुला सांगायला फोनही पुरला असता, चिचुंद्रे. यंत्र लावलंय म्हणालीस तरी मी ओरडून, सही करू नकोस, शेजारचा डबा बघ, असं दोन वाक्यांत सांगितलं असतं आणि तू ऐकलं असतंस. तू अडेलतट्टू असलीस तरी खोटी नाहीस. पत्र मी लिहवून घेतलं ते हिच्यासाठी. तीस वर्षं मी रोज हा जिना उतरते. रोज ठरवायचे आज सांगायचं, आणि हिच्या दारात पोचले की विषय दुधावर नाहीतर गुडघ्यावर जायचा. हिच्या लेकीच्या लग्नात मी आठ दिवस राबले, हिच्या आजारपणात उशाशी बसले, तर ही जगाला सांगत सुटली की माझ्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. तीस वर्षं ही समजतेय की हिच्या हातून चुकलं, आणि तेव्हापासून कुणा परक्याचा रेशनचा अर्जसुद्धा तीनदा वाचल्याशिवाय सोडत नाही. माझ्या तोंडचं हिनं झटकून टाकलं असतं, म्हातारी काहीतरी बरळते, मला बरं वाटावं म्हणून बोलते. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं ही खोटं म्हणणार नाही. म्हणून शेपटाचं निमित्त मिळाल्याबरोबर हिला वर बोलावलं, पुढ्यात कागद ठेवला आणि म्हटलं, नातीला चार ओळी लिहायच्यात. आत्ता हिनं पेन खाली ठेवलं होतं. ते पुन्हा उचलताना म्हणाली, "म्हणजे चिठ्ठ्या मी बरोबर लावल्या होत्या." मी म्हटलं, हो. अक्षरही बरोबर होतं आणि जागाही. उद्या तिचं दार मला उघडेल की नाही, माहीत नाही. नाही उघडलं तर मी जिन्यात बसेन, गुडघ्याला तेवढाच आराम. मी तिला म्हटलं, एकदा सगळं वाचून दाखव आणि मग घडी घाल. तिनं पहिल्यापासून वाचलं, डागापाशी जरा अडली, मग पुढे वाचत इथपर्यंत आली. मी पुढच्या दोन वेळांची वाट बघत बसले. ती घडी घालायला लागली. मी म्हटलं, थांब, हेही लिही. हिनं एकदाच वाचलं.

खालची सही माझ्या हातची आहे, आज फाटा विसरलेले नाही.

तुझीच,
उंदरांची सासू